मेहनत (कुस्ती)

मेहनत ही महाराष्ट्रातील तालमींत पैलवानांकडून रोज करवून घेतल्या जाणाऱ्या व्यायामाची पारंपरिक संज्ञा आहे. जोर, बैठका, सपाटे, दोर चढणे, हौदातील माती उकरणे, मल्लखांब आणि प्रत्यक्ष लढत यांचा ठरावीक क्रम त्यात येतो. हा क्रम मुख्यतः मातीवरच्या, वेळेचे बंधन नसलेल्या कुस्तीसाठी घडला. गादीवरील (मॅटवरील) सहा मिनिटांची कुस्ती रूढ झाली आणि त्यानंतर मुष्टियुद्ध, ज्युदो, तायक्वांदो, मिश्र मार्शल आर्ट्स यांसारख्या लढाऊ खेळांचा प्रसार झाला. तेव्हापासून पारंपरिक मेहनतीला सर्किट व्यायामाची जोड मिळाली आहे. लढतीचा अवधी आणि नियम बदलले की त्या लढतीसाठी शरीर घडवण्याची रीतही बदलते; मेहनतीचा इतिहास हा या बदलाचा इतिहास आहे. पारंपरिक पद्धतीत कष्टाइतकेच महत्त्व क्रमाक्रमाने वाढ, विश्रांती, खुराक आणि वस्तादाची देखरेख यांना होते. हे चार घटक वगळून केवळ कष्ट उचलले गेल्यास इजा व उष्माघात यांचा धोका वाढतो.

संज्ञा

'मेहनत' आणि 'तालीम' हे दोन्ही शब्द मूळ अरबी असून फारसीमार्गे मराठीत आले. 'तालीम' या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. मराठीत तो कुस्ती शिकण्याच्या जागेसाठी रूढ झाला. 'कुस्ती' व 'पैलवान' हे शब्द फारसी आहेत, तर 'वस्ताद' हे 'उस्ताद' या शब्दाचे मराठी रूप आहे. ज्या खड्ड्यात माती भरून कुस्ती खेळली जाते त्याला हौद किंवा आखाडा म्हणतात. वस्तादाच्या हाताखाली तयार होणाऱ्या मल्लाला पठ्ठा असे संबोधले जाते. कर्नाटकाला लागून असलेल्या भागात तालमीसाठी 'गरडी' हा कन्नड शब्दही प्रचारात आहे.

इतिहास

दख्खनमधील मल्लविद्येचे सविस्तर वर्णन 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आढळते. हा ग्रंथ कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण होय. आजचा सोलापूर परिसरही या राज्याचा भाग होता. ग्रंथातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचे व्यायाम आणि लढतीची जागा यांची माहिती येते. भार उचलणे, चालणे, पोहणे आणि खांबावरील कसरत असे निरनिराळे व्यायाम त्यात सांगितले आहेत. म्हणजे मल्लाच्या तयारीत एकाहून अधिक व्यायामप्रकार असावेत हा विचार या प्रदेशात सुमारे नऊशे वर्षे जुना आहे.

उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. पकड, लवचिकता आणि तोल या कुस्तीला लागणाऱ्या गुणांची तयारी प्रतिस्पर्ध्याविना करता यावी, हा मल्लखांबाचा एक उपयोग आहे. पुढे त्याला स्वतंत्र खेळाचे स्वरूप आले.

कोल्हापूर संस्थानाचे अधिपती राजर्षी शाहू महाराज यांनी कुस्तीला व्यापक राजाश्रय दिला. मल्लांचा खुराक, निवास आणि तालमींचा खर्च यांची तरतूद संस्थानातून होऊ लागली. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान पूर्ण झाले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलेल्या रोममधील प्राचीन क्रीडागारावरून या मैदानाची कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून प्रसार केला. सूर्यनमस्कार आणि कुस्तीतील जोर यांच्या काही अवस्था परस्परांशी मिळत्याजुळत्या आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी व्यायामाची पद्धतशीर नोंद करण्याचे प्रयत्न झाले. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. तोपर्यंत तालमीत तोंडी चालत आलेली बरीच माहिती त्यामुळे लिखित स्वरूपात उपलब्ध झाली.

स्वरूप

पारंपरिक तालमीत मेहनत दिवसातून दोन वेळा होते. पहाटेच्या सत्रात हौदातील लढतींना आणि संध्याकाळच्या सत्रात जोर-बैठकांना प्राधान्य देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वस्तादानुसार व हंगामानुसार हा क्रम बदलतो. सत्राची सुरुवात मारुतीला नमस्कार करून होते. दोन सत्रांच्या मधला काळ आहार, मालीश आणि झोप यांसाठी राखलेला असतो.

मेहनतीतील प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

जोर: दोन्ही तळहात व पायांचे चवडे जमिनीवर टेकवून कंबर उंच ठेवली जाते. तेथून छाती जमिनीलगत पुढे सरकवत हात सरळ करून वर येतात आणि पुन्हा मूळ स्थितीत जातात. खांदे, छाती, दंड व पाठ यांचा व्यायाम एकाच हालचालीत होतो. साध्या दंडापेक्षा यात पाठीच्या कण्याची हालचाल अधिक असते.

बैठका: खाली बसताना टाचा उचलल्या जातात आणि उठताना हात लयीत पुढे येतात. मांड्या, पोटऱ्या आणि दम यांच्यासाठी हा व्यायाम महत्त्वाचा मानला जातो.

सपाटे: बैठक आणि जोर यांची जोड देऊन वेगाने केला जाणारा प्रकार. उभ्या स्थितीतून खाली जाणे, जोर मारणे आणि झटक्यात परत उभे राहणे अशी त्याची रचना आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पटात शिरताना आणि खाली पडल्यावर उठताना शरीराला याच हालचाली कराव्या लागतात.

दोर व मल्लखांब: केवळ हातांच्या बळावर दोर चढल्याने पंजा, मनगट आणि पाठ मजबूत होते. मल्लखांबामुळे पकडीला लवचिकतेची जोड मिळते.

गदा, मुद्गल व नाल: गदा व मुद्गल खांद्याभोवती फिरवले जातात, तर नाल म्हणजे मुठीसाठी खोबण असलेला जड दगड उचलला जातो. मुद्गलाचा व्यायाम ब्रिटिश काळात भारतातून युरोपात गेला. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स या खेळात मुद्गल फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धा होती.

हौद उकरणे: कुस्तीपूर्वी फावड्याने संपूर्ण हौदाची माती खणून, उलटून मऊ केली जाते. हे मैदानाच्या देखभालीचे काम असले तरी कंबर, पाठ व हात यांचा तो कठोर व्यायाम आहे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळण्याची प्रथा आहे.

लढत: सराव कुस्ती हा मेहनतीचा गाभा होय. कसलेला मल्ल आपल्याहून लहान पठ्ठ्यांशी एकापाठोपाठ एक लढतो. त्यामुळे नवशिक्याला डाव शिकता येतात, तर मोठ्याला थकलेल्या अवस्थेत लढण्याची सवय लागते.

जोर-बैठकांची संख्या शेकड्यांनी मोजली जाते. मात्र ती एकदम गाठायची नसते. नवा मुलगा तालमीत आल्यावर वस्ताद त्याला थोड्या संख्येपासून सुरुवात करून देतो आणि काही महिन्यांत ती वाढवत नेतो. आजारपणानंतर किंवा जत्रेतील मोठ्या लढतीनंतर मेहनत कमी केली जाते. ही वाढ-घट कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. ती वस्तादाच्या नजरेवर अवलंबून असते.

शरीरक्रिया

लढताना स्नायूंना ऊर्जा तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग स्नायूत साठवलेल्या फॉस्फोक्रिएटिनचा. तो झटक्याच्या हालचालीला ऊर्जा पुरवतो, पण सुमारे १० सेकंदांच्या पूर्ण जोरातच बराचसा संपतो. दुसरा मार्ग प्राणवायूविना साखरेचे विघटन करण्याचा. तीव्र श्रम दीड-दोन मिनिटे चालू ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. या काळात स्नायूंत आम्लता वाढून हातपाय जड होतात. तिसरा मार्ग प्राणवायूच्या साहाय्याने होणाऱ्या ऊर्जानिर्मितीचा. तो संथ पण दीर्घकाळ चालणारा आहे, आणि पहिल्या मार्गाची झीज भरून काढण्याचे कामही तोच करतो.

धोबीपछाड किंवा ढाक मारण्याचा क्षण पहिल्या मार्गावर अवलंबून असतो, तर दहा-पंधरा मिनिटांची खडाखडी तिसऱ्या मार्गावर. जोर-बैठकांची दीर्घ, सलग आवर्तने मुख्यतः स्नायूंची सहनशक्ती आणि दम वाढवतात. मातीवरच्या कुस्तीला नेमके तेच लागत असे.

मातीकडून गादीकडे

जत्रेतील मातीच्या कुस्तीत पूर्वी वेळेचे बंधन नसे. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवून चितपट केले तरच निकाल लागे, अन्यथा कुस्ती बरोबरीत सोडवली जाई. मऊ मातीत पाय रुततात, हालचाल संथ होते आणि ताकदीने दाबून धरण्याला महत्त्व येते. जोड लावताना मल्लांचे वजन काट्यावर मोजण्यापेक्षा पंचांची नजर आणि मल्लांचा लौकिक विचारात घेतला जाई. त्यामुळे वजन वाढवणे हेच मेहनतीचे एक उद्दिष्ट होते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा गादीवर, वजनगटांनुसार आणि गुणांवर होतात. या दोन पद्धतींमधील अंतर महाराष्ट्राला प्रथम जाणवले ते खाशाबा जाधव यांच्या निमित्ताने. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर येथील खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले तेव्हा त्यांना गादीचा फारसा सराव नव्हता. अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तेथे सहावे स्थान मिळवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. या स्पर्धेसंबंधीच्या प्रचलित वृत्तान्तानुसार, जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर दोन लढतींमधील नियत विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी खेळावे लागले. पुढे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य पदक मिळवले. दोघांचीही घडण तालमीतील होती.

सध्याच्या नियमांनुसार वरिष्ठ गटातील लढत तीन मिनिटांच्या दोन सत्रांची असते व मध्ये ३० सेकंदांची विश्रांती मिळते. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी मिळताच लढत थांबवली जाते. बचावात्मक खेळणाऱ्या मल्लाला ताकीद मिळते व ठरावीक वेळेत गुण न घेतल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण दिला जातो. सहा मिनिटांत पुन्हा पुन्हा झटक्याने पट काढणे, उठणे आणि लगेच दुसरा हल्ला करणे आवश्यक ठरते. केवळ दीर्घ दमाच्या जोरावर ही लढत जिंकता येत नाही.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून सुरू केलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत हा संक्रमणकाळ स्पष्ट दिसतो. या किताबासाठी माती आणि गादी असे दोन विभाग असून दोन्ही विभागांतील विजेत्यांमध्ये अंतिम लढत होते. किताबाची इच्छा बाळगणाऱ्या मल्लाला त्यामुळे दोन्ही प्रकारच्या लढतींचा विचार करूनच मेहनत आखावी लागते.

सर्किट व्यायामाचा प्रवेश

सर्किट व्यायामाची आधुनिक मांडणी १९५० च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात झाली. आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. ॲडमसन यांची नावे या पद्धतीशी जोडली जातात. निरनिराळ्या स्नायूंसाठीचे व्यायाम वर्तुळाकार मांडून एकाकडून दुसऱ्याकडे अत्यल्प विश्रांतीने जाणे, हे तिचे तत्त्व आहे. एका स्नायूला विसावा मिळतो तेव्हा दुसरा काम करत असतो, त्यामुळे हृदयाचे ठोके सतत वाढलेले राहतात. ताकद आणि दम यांची तयारी थोड्या वेळात एकत्र होते.

जपानी संशोधक इझुमी तबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अतितीव्र व्यायामावरील अभ्यास प्रसिद्ध केला. २० सेकंद तीव्र श्रम आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ आवर्तनांच्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमाने प्राणवायू वापरण्याची आणि प्राणवायूविना श्रम करण्याची अशा दोन्ही क्षमता वाढल्याचे त्यात दिसून आले. या अभ्यासानंतर लढाऊ खेळांच्या प्रशिक्षणात अशा पद्धतींचा वापर वाढला.

गादीवरच्या मल्लासाठी आखलेल्या सर्किटमध्ये साधारणतः सहा ते आठ थांबे असतात. सपाटे, दोर चढणे, जड चेंडू किंवा वाळूची पिशवी उचलून टाकणे, जोडीदाराला खांद्यावर घेऊन चालणे, टायर उलटणे, रबरी पट्ट्याच्या विरोधात पटाची हालचाल करणे आणि मानेचा पूल यांचा त्यात समावेश होतो. प्रत्येक थांब्यावर २० ते ३० सेकंद पूर्ण जोराने काम केले जाते. तीन मिनिटांची एक फेरी, ३० सेकंद विश्रांती आणि पुन्हा तीन मिनिटांची फेरी अशी रचना केल्यास ती लढतीच्या वेळापत्रकाशी जुळते.

पारंपरिक मेहनत आणि सर्किट यांत साम्य असले तरी त्या एकच पद्धती नव्हेत. मेहनत संख्येवर मोजली जाते, सर्किट वेळेवर. मेहनतीत एकच हालचाल शेकडो वेळा सलग केली जाते, सर्किटमध्ये हालचाल सतत बदलते. मेहनत बहुधा वर्षभर चालते, तर तीव्र सर्किट स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळाच घेतले जाते. रोज केल्यास शरीराला सावरण्यास वेळ मिळत नाही व प्रगतीऐवजी घसरण होते. अनेक प्रशिक्षक म्हणून पायाभरणीसाठी जोर-बैठका आणि स्पर्धेच्या तयारीसाठी सर्किट अशी विभागणी करतात.

अन्य लढाऊ खेळ

भारतात लढाऊ खेळांकडे तरुणांचा ओढा वाढण्यामागे ऑलिंपिकमधील यशाचा मोठा वाटा आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मुष्टियोद्धा विजेंदर सिंग आणि मल्ल सुशील कुमार यांनी कांस्यपदके मिळवली. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत प्रत्येक स्पर्धेत भारताला कुस्तीत किमान एक पदक मिळाले आहे. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक जिंकले.

मिश्र मार्शल आर्ट्स या खेळाचा व्यावसायिक प्रसार १९९३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपमुळे झाला. भारतात २०१२ साली मुंबईत सुपर फाइट लीगची सुरुवात झाली. कुस्तीची पार्श्वभूमी असलेले महाराष्ट्राचे भरत खंडारे २०१७ साली शांघाय येथे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपच्या स्पर्धेत उतरले. २०२४ साली पूजा तोमर या तेथे लढत जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

प्रत्येक खेळात श्रम व विश्रांतीचे प्रमाण निराळे असते. ऑलिंपिक मुष्टियुद्धात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असून दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती असते. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये पाच मिनिटांच्या तीन, तर किताबाच्या लढतीत पाच फेऱ्या होतात. ज्युदोची लढत चार मिनिटांची असते. तायक्वांदोमध्ये दोन मिनिटांच्या फेऱ्या असतात. त्यामुळे एकाच सर्किटने सर्व खेळांची तयारी होत नाही. लढाऊ खेळाडूंचे म्हणून प्रसिद्ध झालेले व्यायाम शहरी व्यायामशाळांत वजन कमी करण्यासाठीही घेतले जातात. ते करणाऱ्यांपैकी अनेक जण प्रत्यक्ष लढतीत कधीच उतरत नाहीत.

सोलापूर जिल्हा व मंद्रूप परिसर

सोलापूर जिल्हा कोल्हापूर, सांगली व साताऱ्याप्रमाणेच कुस्तीची परंपरा असलेला जिल्हा आहे. करमाळा तालुक्यातील बाला रफीक शेख यांनी २०१८ साली जालना येथे महाराष्ट्र केसरी किताब पटकावला. मोहोळचे सिकंदर शेख यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे तो जिंकला. जिल्ह्याचेच महेंद्र गायकवाड यांनी जानेवारी २०२३ आणि २०२५ अशा दोन स्पर्धांत अंतिम फेरी गाठली. सोलापूर शहरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आजही प्रचलित आहेत. एकेकाळी व्यायामाची केंद्रे असलेल्या अशा अनेक संस्था आता सार्वजनिक उत्सवांसाठी अधिक ओळखल्या जातात.

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव सोलापूर–विजयपूर मार्गावर आहे. हा रस्ता पुढे भीमा ओलांडून कर्नाटकात जातो. या सीमाभागात मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. जत्रेच्या मैदानांत दोन्ही राज्यांचे मल्ल उतरतात. हलगीच्या तालावर सुरू होणाऱ्या अशा मैदानात प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. त्यानंतर नारळावरच्या, रोख इनामाच्या आणि शेवटी मानाच्या कुस्त्या लावल्या जातात. मुलाला लढतीचा पहिला अनुभव येथेच मिळतो.

ग्रामीण भागात माती आणि गादी यांतील निवड ही केवळ आवडीची बाब नसते. हौद गावातील माती व श्रम यांतून तयार होतो. स्पर्धेच्या प्रमाणित गादीसाठी मात्र १२ मीटर लांब व तितकीच रुंद बंदिस्त जागा आणि मोठा खर्च लागतो. त्यामुळे खेड्यातील मुलगा बराच काळ मातीवर मेहनत करतो आणि गादीसाठी शहरातील केंद्राकडे किंवा कोल्हापूर-पुण्याच्या तालमीकडे वळतो. शाळा सोडून तालमीत राहण्याचा, दूध, तूप, बदाम व थंडाईचा खर्च शेतीच्या उत्पन्नातून भागवण्याचा निर्णय त्याच्या कुटुंबाला घ्यावा लागतो. पावसावर अवलंबून असलेल्या या तालुक्यात दुष्काळी वर्षी हा भार अधिक जाणवतो. सर्किट व्यायामाला फारशी साधने लागत नाहीत. जुना टायर, दोर आणि वाळूची पोती यांवर तो करता येतो. ग्रामीण भागात त्याचा प्रसार होण्याचे हे एक कारण आहे.

महिलांचा सहभाग

पारंपरिक तालमीत स्त्रियांना प्रवेश नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून महिला कुस्तीचा आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून महिला मुष्टियुद्धाचा समावेश झाला. २०१६ साली साक्षी मलिक ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मल्ल ठरल्या. महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली व प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. मुली प्रामुख्याने गादीवरच कुस्ती शिकत असल्याने त्यांच्या तयारीत आरंभापासून सर्किट व्यायामाचा वाटा मोठा असतो.

धोके व दक्षता

उष्माघात: तीव्र व्यायामात स्नायूंमधून मोठ्या प्रमाणात उष्णता निर्माण होते. सोलापूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाऊन भान हरपणे, बरळणे किंवा झटके येणे ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा वेळी रुग्णालयाची वाट पाहत न बसता शरीर तत्काळ थंड पाण्याने गार करणे हा पहिला उपचार आहे. शरीर उष्णतेला सरावण्यास साधारणतः १० ते १४ दिवस लागतात. पहाटे मेहनत करण्याची तालमीची जुनी रीत या दृष्टीने उपयुक्त आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी घेतलेले सर्किट धोकादायक ठरू शकते.

स्नायूंचे विघटन: सवय नसताना एकाच दिवशी अतिश्रम केल्यास स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असह्य स्नायुदुखी, सूज आणि गडद तपकिरी लघवी ही लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढणाऱ्या नवशिक्यालाही हा त्रास होऊ शकतो.

वजन घटवणे: वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून धावणे किंवा वाफ घेणे हे प्रकार केले जातात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दम घटतो. १९९७ साली अमेरिकेत अल्पावधीत तीन महाविद्यालयीन मल्लांचा अशा प्रयत्नांत मृत्यू झाल्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन आता लढतीच्या दिवशी सकाळी घेतले जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांना ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या दिवशी केवळ १०० ग्रॅम अधिक वजन भरल्याने अपात्र ठरवण्यात आले. वाढत्या वयातील मुलांमध्ये वारंवार वजन घटवल्याने वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो.

कान, त्वचा व सांधे: सततच्या घर्षणाने कानाच्या कूर्चेत रक्त साठून कान कायमचा जाड होतो. मोडलेले कान ही पैलवानाची खूण मानली जात असली तरी वैद्यकीयदृष्ट्या ती इजा आहे. कर्णरक्षक वापरल्यास व साठलेले रक्त वेळीच काढल्यास ती टाळता येते. गादी निर्जंतुक न केल्यास गजकर्ण व जीवाणुजन्य त्वचारोग पसरतात. गुडघा, खांदा व मान यांच्या इजा कुस्तीत नेहमी आढळतात. थकलेल्या अवस्थेत जड वजनाचे व्यायाम चुकीच्या पद्धतीने केल्यास या इजांचा धोका वाढतो.

सद्यस्थिती

खाशाबा जाधव यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो. राज्यातील अनेक तालमींत आज माती आणि गादी दोन्हींची सोय आहे. एकाच छताखाली पहाटे हौद उकरला जातो आणि संध्याकाळी घड्याळ लावून सर्किट घेतले जाते. हृदयगती मोजण्याची साधने व आहारतज्ज्ञ मोठ्या केंद्रांत उपलब्ध आहेत. लहान गावांतील तालमींत मात्र ही जबाबदारी अद्याप वस्तादाच्या अनुभवावर आहे. वस्ताद नसलेल्या ठिकाणी तरुण मुले भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून सर्किट करतात. व्यायाम कसा करावा हे त्यांत दिसते. त्या दिवशी कोणी किती करावा आणि कधी थांबावे हे दिसत नाही. पारंपरिक मेहनतीत हा निर्णय वस्ताद घेत असे, आणि नव्या पद्धतीत तो प्रशिक्षित मार्गदर्शकाने घेणे अपेक्षित आहे.